पुढं जावा, काय होत नाही!

सातारा काय आणि सांगली काय, नवखा माणूस गावात शिरला की पारावरची मंडळी त्याला नाव विचारत नाहीत. "कुणाचा रं तू?" असं विचारतात. नुसतं नाव सांगून भागत नाही. अमक्याचा नातू, तमक्याचा जावई, वरच्या आळीला पाटलांकडं आलोय, असा काहीतरी धागा निघावा लागतो. निघाला की चहा. नाही निघाला तर गडी कितीही सज्जन असो, सगळ्यांची नजर त्याच्या पिशवीवर.

इंटरनेटवरचा ब्राउझर याच पारावर लहानाचा मोठा झालेला आहे. एखादी वेबसाइट उघडायला जावं, तर तो आधी तिला विचारतो, "कुणाची गं तू?" ती बिचारी पदरातलं सर्टिफिकेट काढून दाखवते. त्यावर सही कुणाची, त्या सही करणाऱ्याच्या कागदावर सही कुणाची, असं करत करत ब्राउझर मूळपुरुषापर्यंत पोचतो. मूळपुरुष त्याच्या यादीत असला तर पान उघडतं. नसला तर लाल त्रिकोण. पारावर ज्याला अर्धा तास आणि दोन तंबाखूच्या चिमटी लागतात, ते हा पापणी लवायच्या आत उरकतो. १९९५ साली नेटस्केप कंपनीनं ही एसएसएलची पद्धत बाजारात आणली, तेव्हा त्यांच्यात आपल्याकडचा कुणी होता की काय, अशी शंका येते.

हे सगळं आमच्या घरात शिरलं ते माझ्या सांगलीच्या भाच्यामुळं. त्यानं घरीच सर्व्हर लावला आहे. जुना डेस्कटॉप, दोन हार्डडिस्क, वर लिनक्स. मुक्काम गावभागातल्या घरी, पण माडीवरच्या कपाटात. २०१९ च्या पुरानंतर सांगलीत मोलाची वस्तू खाली ठेवायचं धाडस कुणी करत नाही. त्या सर्व्हरवर घरातल्या लग्नांचे फोटो आहेत, जमिनीचे कागद आहेत आणि दाजींच्या बेदाण्याचे हिशेब आहेत. "आपले फोटो आपल्या घरात. लोकांच्या क्लाउडवर कशाला?" हे त्याचं म्हणणं. विचार चांगला होता. त्यानं सगळ्या नातेवाइकांना पत्ता पाठवला आणि सातारा ते सांगली, एकाच संध्याकाळी, आमच्या घराण्यात घबराट पसरली.

पान उघडत नव्हतं. उघडत होता तो लाल त्रिकोण. खाली मजकूर, की तुमचं कनेक्शन खासगी नाही, हल्लेखोर तुमचे पासवर्ड, मेसेज किंवा क्रेडिट कार्ड चोरायच्या प्रयत्नात असू शकतात.

आक्कानं, म्हणजे भाच्याच्या आईनं, फोन पालथा घातला आणि म्हणाली, "अरे, आपल्याच माडीवर चोर हाय म्हणतोय ह्यो!" दाजींनी दोनदा वाचून शांतपणे विचारलं, "क्रेडिट कार्ड काढलंय कुणी? मग चोरंल काय?" आणि ते पुढं गेले. साताऱ्याला शनिवार पेठेत आमचे चुलते तात्या राहतात. हयात सरकारी कोषागारात गेलेली. त्यांनी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं, निळं मोठं बटण दाबून सुरक्षित ठिकाणी परतले आणि म्हणाले, "लिहून दिलंय ना धोका आहे म्हणून? मग सही-शिक्का असल्याशिवाय आपण पाऊल टाकायचं नाही." नातीच्या लग्नाचे फोटो त्यांनी पुढं बरेच दिवस पाहिले नाहीत.

भाच्यानं सगळ्यांना एकच उपाय सांगितला. "काय नाही हो, ॲडव्हान्स्ड दाबा आन् पुढं जावा. काय होत नाही."

हे "काय होत नाही" आमच्या भागाचं ब्रीदवाक्य आहे. टायर गुळगुळीत झालाय? काय होत नाही. गॅसची नळी जुनी झालीय? काय होत नाही. आता त्याला ब्राउझरची जोड मिळाली.

ते पान रचलंय मात्र कसबी माणसानं. मागं फिरायचं बटण निळं, ठसठशीत. "ॲडव्हान्स्ड" फिकट, कोपऱ्यात. ते दाबलं की बारीक अक्षरात एक ओळ उगवते, की अमक्या पत्त्यावर जा, आणि कंसात "अनसेफ". म्हणजे दार उघडतो, पण पाय मोडला तर नाव सांगू नका. काही वेळा ही ओळही मिळत नाही. अशा वेळेसाठी क्रोमवाल्यांनी एक मंत्र ठेवला आहे. त्या पानावर कुठंही टिचकी मारायची आणि इंग्रजीत "धिसइजअनसेफ" ही अक्षरं सलग टाइप करायची. रकाना नाही, कर्सर नाही, आंधळेपणानं टाइप करायचं, की दार उघडतं. पूर्वीचा मंत्र होता "बॅडआयडिया". तो फार जणांच्या तोंडी झाला म्हणून बदलला. मनाई करणाऱ्यानंच मागचं दार ठेवायचं आणि त्याची किल्ली गावभर झाली की कुलूप बदलायचं, यात परकं वाटण्यासारखं मला काही दिसत नाही.

भाच्याचा गुन्हा एवढाच, की त्यानं सर्टिफिकेटवर स्वतःच सही ठोकली. "मी मीच आहे, असं मी म्हणतो." तांत्रिक भाषेत याला सेल्फ-साइन्ड म्हणतात.

आता सही या विषयात आमच्या पिढीचा अनुभव दांडगा आहे. गुणपत्रिकेची झेरॉक्स खरी आहे, हे सांगायला आम्हाला राजपत्रित अधिकारी लागायचा. तो सापडेपर्यंत अर्जाची मुदत संपायची. सापडला की संध्याकाळी त्याच्या दारात उभं राहायचं. तो बनियनवर बाहेर यायचा, मूळ प्रतीकडं न बघता हिरव्या शाईनं सही करायचा आणि वडिलांची चौकशी करायचा. मग २०१५ साली महाराष्ट्र शासनानं निर्णय काढला, की तुमच्या कागदावर तुम्हीच सही करा, स्वयंसाक्षांकन चालेल. ज्या सरकारनं आमच्या जन्मावरसुद्धा दाखल्याशिवाय विश्वास ठेवला नाही, त्या सरकारला आमची सही चालते. ब्राउझरला चालत नाही. तो शासन निर्णय अजून त्याच्यापर्यंत पोचायचा आहे.

आणि स्वतःच्या सहीचं वावडं सांगायचं कुणाला, तर सातारा-सांगलीला! १९४३ साली याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. तेव्हा सांगली वेगळा जिल्हा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे सगळं साताऱ्यातच होतं. त्या सरकारनं न्यायदान मंडळं चालवली, तंटे मिटवले, कमी खर्चात लग्नं लावली. लंडनच्या मूळपुरुषाची सही कुठंच नव्हती. इंग्रजांच्या दृष्टीनं मामला शुद्ध सेल्फ-साइन्ड. तरी १९४६ पर्यंत चाललं, कारण गावोगावच्या माणसांनी ते नाव आपल्या यादीत घातलं होतं.

भाच्यानं नेमका हाच मार्ग पुढं काढला. स्वतःच मूळपुरुष व्हायचं, त्या मूळपुरुषाचं रूट सर्टिफिकेट तयार करायचं आणि घरातल्या प्रत्येकाच्या फोनच्या यादीत घालायचं. तांत्रिकदृष्ट्या यात काही चूक नाही. मोठमोठ्या कंपन्या आपल्या कचेरीतल्या संगणकांवर हेच करतात. आमच्याकडं त्यासाठी वास्तुशांतीचा मुहूर्त धरला. जेवणाची पंगत उठली, की भाचा फोन गोळा करत फिरायचा. अँड्रॉइडवर रूट घातलं, की फोन म्हणे, तुमच्या नेटवर्कवर कुणी लक्ष ठेवू शकेल. आयफोनवर ते घालून भागेना. सेटिंगच्या पोटात शिरून, त्याच्याही पोटात शिरून, "पूर्ण विश्वास आहे" असं वेगळं कबूल करावं लागे. विश्वास ठेवायचा नाही म्हणून एक भांडण आणि ठेवायचा म्हणून दुसरं.

तात्यांनी मात्र वर्मावर बोट ठेवलं. "हे तुझं रूट माझ्या फोनात आलं, की तू कुणाच्या नावानं सर्टिफिकेट काढू शकतोस?"

भाचा खोटं बोलत नाही. म्हणाला, "कुणाच्याही. तुमच्या बँकेच्यासुद्धा."

"आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवायचा? दहावीला प्रगतिपुस्तकावर बापाची सही कुणी केली होती रे?"

सेल्फ-साइनिंगचा छंद जुनाच आहे, हे तेव्हा सर्वांना कळलं. दाजींना तर प्रथमच कळलं.

पण मग ब्राउझरच्या यादीतली ती थोर घराणी कोण? अशी शंभरावर मूळ सर्टिफिकेटं तुमच्या-माझ्या संगणकात आधीच बसलेली असतात. त्यांची नावं आपण कधी वाचत नाही आणि वाचली तरी ओळख पटत नाही. त्यांच्या जिवावर आपण बँकेत पैसे भरतो. मोठ्या घरचे म्हणून सगळेच धुतल्या तांदळाचे नाहीत. हॉलंडात डिजिनोटार नावाची कंपनी होती. २०११ साली चोर तिच्या संगणकात शिरले आणि त्यांनी गूगलसकट अनेकांच्या नावाची सर्टिफिकेटं स्वतःच छापून घेतली. ती इराणातल्या लोकांचा पत्रव्यवहार वाचायला वापरली गेली. ब्राउझरवाल्यांनी त्या घराण्याला यादीतून काढलं आणि त्याच सप्टेंबरात कंपनीचं दिवाळं वाजलं. या धंद्यात दुकानात मालच नसतो. असतो तो शब्द. तो गेला की शटर ओढायचं.

आपणही मागं नव्हतो. २०१४ च्या जुलैत गूगलच्या ध्यानात आलं, की दिल्लीच्या एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या सहीनं गूगलच्या नावाची सर्टिफिकेटं निघाली आहेत, आणि ती गूगलनं मागितलेलीच नाहीत. एनआयसीच्या मागं, सर्टिफिकेट देणाऱ्यांवर नेमलेल्या भारत सरकारच्या नियंत्रकांचं रूट. ते मायक्रोसॉफ्टच्या यादीत, म्हणून विंडोजवर ती अस्सल ठरत होती. फायरफॉक्सची यादी वेगळी. तिच्यात हे घराणं मुळातच नव्हतं, म्हणून तो वाचला. नियंत्रकांनी दुसऱ्याच दिवशी एनआयसीची सही करायची परवानगी रद्द केली. पुढं क्रोमनं असं ठरवलं, की या घराण्याची सही मुख्यतः भारतातल्या सरकारी पत्त्यांपुरतीच मानायची. म्हणजे भावकीत चालेल, बाहेर नको.

सरकारी सहीची ही पत आपल्याला रोज बघायला मिळते, ती सातबाऱ्यावर. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो. पंधरा रुपये भरायचे, उतारा उतरवायचा. तलाठ्याची वाट बघायला नको. दाजींनी कर्जासाठी तो काढला आणि छापून खिडकीवर नेला. सहीच्या जागी मोठं पिवळं प्रश्नचिन्ह.

खिडकीतले साहेब म्हणाले, "ह्याला प्रश्न पडलाय."

"अहो, सरकारी सही आहे."

"असंल. पण कागदच म्हणतोय, व्हॅलिडिटी अननोन. मी कसं म्हणू नोन?"

खरी गोष्ट अशी, की सही अस्सल असते. पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये आपण कागद उघडतो, त्याला आपल्या सरकारचा मूळपुरुष ओळखीचा नसतो. पारावरचा म्हातारा अमेरिकेचा, त्याला तासगाव तालुका काय माहीत? आधार कार्डाच्या फायलीचीही हीच तऱ्हा. उपाय आहे. सहीवर उजवी टिचकी मारायची, गुणधर्म उघडायचे, सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट बघायचं, ट्रस्टच्या रकान्यात जाऊन "हा आमचा माणूस" असं सांगायचं आणि पुन्हा तपासायला लावायचं. प्रश्नचिन्ह जातं, हिरवी टिकमार्क येते. सेवा केंद्रातली पोरं हे डोळे मिटून करतात. कागद तोच, सही तीच. फक्त आपणच आपल्या संगणकाला सांगितलं, की सरकारवर विश्वास ठेव. हिरवी खूण बघून साहेबांनी प्रकरण पुढं सरकवलं. एवढ्या वर्षांत नागरिकानं सरकारला साक्षांकित करायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

तात्यांचं ऐकून भाच्यानं अखेर घराण्याचं रूट गुंडाळलं आणि रीतसर सर्टिफिकेट घेतलं. घरातल्या १९२.१६८ वाल्या पत्त्याला जगातलं कुठलंच मान्यवर घराणं सही देत नाही, कारण तसा पत्ता घरोघरी असतो. म्हणून त्यानं एक डोमेन नाव विकत घेतलं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ च्या डिसेंबरपासून सर्वांना फुकट सर्टिफिकेट देते. ती वडिलांची चौकशी करत नाही, बनियनवर बाहेर येत नाही. एवढंच म्हणते, की हे नाव तुझं असेल तर त्याच्या नोंदीत ही अमुक अक्षरं लावून दाखव. लावली, तिनं पाहिली, सही दिली. आक्काच्या फोनवर लाल त्रिकोणाऐवजी थेट लग्नाचे फोटो आले. ती म्हणाली, "आधीच का नाही केलंस?" याला कुठल्याही तंत्रज्ञाकडं उत्तर नसतं.

पण फुकटची सही नव्वद दिवसांची. नूतनीकरण एक स्क्रिप्ट आपोआप करते. आपोआप चालणाऱ्या वस्तूचा गुण असा, की ती बंद पडली तरी आपोआपच बंद पडते. कुणाला कळत नाही. आधी मुदत संपण्याची आठवण ईमेलनं यायची; २०२५ च्या जूनपासून संस्थेनं तीही बंद केली. शिवाय सगळ्यांच्याच सर्टिफिकेटांचं आयुष्य घटत चाललं आहे. २०२० च्या सप्टेंबरपासून जेमतेम तेरा महिने. ठरलेल्या वेळापत्रकानुसार १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७. चोरी झालीच तर चोराला फार दिवस मिळू नयेत, हा हिशेब बरोबर आहे. मात्र हातानं नूतनीकरण करणाऱ्यानं तोवर दुसरा छंद शोधावा.

मुदतीचा विषय निघाला की तात्यांचा संगणक आठवतो. एका सकाळी त्यांचा फोन आला, "सगळं इंटरनेट बिघडलंय." बँक लाल, वर्तमानपत्र लाल, गूगलही लाल. तात्यांनी सगळ्यांच्या निषेधाचं पत्र तयार केलं होतं. जाऊन पाहिलं तर उजव्या कोपऱ्यात तारीख बरीच वर्षं मागची. आतला नाण्याएवढा सेल संपला होता. रात्री वीज गेली आणि संगणक भूतकाळात गेला. वेळ आपोआप जुळवायची सोय तात्यांनी "माझ्या घड्याळात बाहेरच्यांची ढवळाढवळ नको" म्हणून बंद केलेली. त्या संगणकाच्या हिशेबानं जगातली सगळी सर्टिफिकेटं अजून जन्मालाच यायची होती. चहा-भजीच्या पैशात नवा सेल बसला आणि इंटरनेट दुरुस्त झालं. तात्यांना आजही वाटतं, पत्राच्या नुसत्या धाकानं.

या सगळ्यात ब्राउझरचं खरं चुकतं कुठं, ते सांगलीकरांना विचारावं. कृष्णेला पाणी चढायला लागलं, की सांगलीत आयर्विन पुलाकडं नजरा लागतात. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. बत्तिसाला कुणी गाशा गुंडाळत नाही आणि अडतिसाला कुणी झोपत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढं गेलं, तेव्हा फूट म्हणजे काय, ते घरोघरी कळलं. इशारा असावा तर असा, आकडा सांगणारा. ब्राउझरकडं आकडा नाही. माडीवरचा स्वतःचा सर्व्हर असो, सर्टिफिकेटची संपलेली मुदत असो, की खरोखर कुणी मधे बसून तुमचं बँकेचं बोलणं ऐकत असो, तिन्हीला तोच लाल त्रिकोण. कारण लिहिलेलं असतं, पण "नेट एरर सर्ट ऑथॉरिटी इनव्हॅलिड" अशा भाषेत. दहा वेळा काही झालं नाही, की अकराव्यांदा माणूस न वाचताच "ॲडव्हान्स्ड" दाबतो. म्हणजे इशारा देऊन देऊन त्यानंच आपल्याला इशारा न ऐकायची सवय लावली.

आणि जिथं ओरडायला हवं, तिथं हा गप्प. "आज रात्री तुमची वीज तोडली जाईल" असा मेसेज येतो, खाली दुवा, दुव्यामागं भामट्याचं पान. त्या पानाचं सर्टिफिकेट अगदी चोख असतं, कारण भामट्यालाही ते फुकटच मिळतं. सर्टिफिकेट एवढंच सांगतं, की पाटीवर लिहिलेल्या नावाच्याच घरी तुम्ही आलात आणि वाटेत कुणी ऐकत नाही. घरात कोण बसलंय, याची हमी त्यात नाही. गूगलनं २०२१ साली लोकांना ब्राउझरमधल्या कुलपाचा अर्थ विचारला, तर शंभरातल्या अकरा जणांनाच तो नीट सांगता आला. बाकीच्यांच्या मनात त्याबद्दल काही ना काही गैरसमज होता. अखेर २०२३ साली क्रोमनं ते कुलूपच काढून टाकलं.

तेव्हा वाचकहो, चार गोष्टी ध्यानात ठेवा. लाल पान दिसलं तर आधी संगणकाची तारीख बघा. भाच्याचा सर्व्हर असेल तर भाच्याला फोन करा आणि मग पुढं जा. बँकेचं, पैसे भरायचं किंवा सरकारी कामाचं पान लाल झालं, तर "काय होत नाही" म्हणू नका, गुपचूप मागं फिरा. आणि पान अजिबात लाल नाही, सगळं कसं सुरळीत उघडलं, एवढ्यावरून कुणालाही ओटीपी देऊ नका.